गौतमाबाई कोम मल्हारजी होळकर, माहेर तळोदे

मी ३१ वर्षं तलाठी म्हणून काढली, शेवटची काही मंडळ अधिकारी म्हणून. एवढ्या वर्षांत एक सवय अंगात मुरली. कागदावर बाईचं नाव आलं की थांबायचं आणि दोनदा वाचायचं. पुरुषाचं नाव जन्मापासून सरणापर्यंत बहुधा एकच असतं. बाईचं माहेरचं एक, सासरचं दुसरं, गल्लीत हाक मारायचं तिसरं आणि लिहिणाऱ्याला ऐकू आलं ते चौथं. जुन्या कागदांत नवऱ्याच्या नावाआधी 'कोम' लिहायचे, म्हणजे अमक्याची बायको. नंतरच्या कागदांत 'भ्र.' आलं, भ्रतार. मुलाला 'बिन'. हे दोन अक्षरांचे शब्द नीट वाचले नाहीत तर काय होतं ते मी पाहिलंय. एका वारस नोंदीत 'कोम' कुणाच्या तरी नजरेतून सुटलं आणि मयताची बायको मयताची आई होऊन बसली. ती दुरुस्ती करून घ्यायला त्या म्हातारीला चार वर्षं लागली. चार एकर कोरडवाहूसाठी.

हे सगळं परवा आठवायचं कारण म्हणजे शेजारची पोर. नववीत आहे. ३१ मेला अहिल्याबाईंची जयंती, समाजमंदिरात कार्यक्रम, तिचं भाषण. मी अंगणात बाजेवर बसून चिंचा फोडत होतो. ती मोबाइल घेऊन समोर उभी राहिली आणि घडाघडा वाचायला लागली. तिसऱ्या की चौथ्या ओळीला आलं: 'मल्हाररावांच्या मातोश्री गौतमीबाई यांनी अहिल्यादेवींना आईच्या मायेने वाढवले.'

माझ्या हातातली चिंच तशीच राहिली. पुण्याच्या नाहीतर इंदूरच्या पोरीने हे वाचलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ही तळोद्याची. बारगळांची गढी हिच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. ज्या बाईला ती आत्ता मल्हाररावांची आई करून मोकळी झाली, ती बाई त्याच गढीची लेक.

मी तिला बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेच इथे लिहितो आहे, कारण ही चूक तिची नाही. जिथून तिने भाषण घेतलं तिथेच ती आहे, आणि तशी आणखी दहा ठिकाणी आहे.

आधी नाव. गौतमाबाई. 'गौतमी' नाही. मला जुजबी मोडी येते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका जुन्या कारकुनांनी रोज अर्धा तास बसवून शिकवली. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा फारसा विधिनिषेध नाही, त्यामुळे पुष्कळ नावांचे इकार-उकार पुढे देवनागरीत आणताना इकडचे तिकडे झाले. पण काना आणि वेलांटी यांत मोडीतही गोंधळ नसतो. तेव्हा 'गौतमा'ची 'गौतमी' झाली ती लिपीमुळे नाही, कानामुळे. आपल्याला बाईचं नाव ईकारान्त ऐकायची सवय. त्यात गोदावरीचं एक नाव गौतमी, ते सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. शिवाय सुनेचं नाव अहिल्या. पुराणात अहल्या ही गौतम ऋषींची पत्नी. होळकरांच्या घरात मात्र गौतमा सासू आणि अहिल्या सून. त्यामुळे बोलणाऱ्याची जीभ अडखळते आणि सोपं म्हणून गौतमीवर जाते. सुनेच्या नावाचंही अहल्या, अहिल्या असं दोन्ही चालतं, पण त्याने माणूस बदलत नाही. गौतमाचं गौतमी झालं की पुढच्या पिढीला ही दुसरीच कुणी वाटते.

मग नातं. हे मला तिला चिंचोके मांडून दाखवावं लागलं. मल्हाररावांचा जन्म १६९३चा, नीरेकाठच्या होळ गावचा. होळचे म्हणून होळकर. वडील खंडोजी. ते मल्हार लहान असतानाच वारले. भाऊबंदांचा जाच नको म्हणून आई पोराला घेऊन आपल्या भावाकडे आली. तो भाऊ म्हणजे भोजराज बारगळ, तळोद्याचे. मेंढरं राखणाऱ्या मल्हारवर नागाने फणा धरून सावली केल्याची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. भोजराजांच्या पदरी घोडी होती, ते सरदार कंठाजी कदमबांडे यांच्या चाकरीत. मल्हार मोठा झाला, भाला-तलवार शिकला आणि मामाच्या घोडदळात शिलेदार झाला. होळकरांच्या निशाणाचे लाल-पांढरे पट्टे कदमबांड्यांच्या निशाणावरून आले असं सांगतात, तेही इथलंच.

भोजराजांची मुलगी गौतमा. १७१७च्या सुमारास मामाने भाच्याला आपली मुलगी दिली. म्हणजे गौतमाबाई मल्हाररावांची मामेबहीण आणि मग बायको. आई नाही, आत्या नाही. मल्हाररावांची आई ही गौतमाबाईंची आत्या, आणि लग्नानंतर तीच सासू.

पोर म्हणाली, "आप्पा, म्हणजे तिचं सासर-माहेर एकच?"

मी थोडा वेळ गप्प बसलो. एवढी वर्षं मला हे ठाऊक होतं, पण असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्या खानदेशात आखाजी हा लेकींचा सण. अक्षय तृतीयेला लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गौराईची गाणी म्हणते, सासरची गाऱ्हाणी गाण्यातून सांगते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाते. ज्या घरात वाढली त्याच घरात सून झालेल्या गौतमाने आखाजीला कुठून निघून कुठे जायचं? पण हे फार दिवस टिकलं नाही. मल्हारराव १७२०च्या सुमारास पेशव्यांच्या चाकरीत गेले, १७२८ला आमझेऱ्याच्या लढाईत होते, आणि त्यानंतर माळवा हेच घर झालं. तळोद्याची लेक सातपुड्यापलीकडे, नर्मदेपलीकडे गेली, तेव्हा कुठे तळोदं तिचं खरं माहेर झालं असेल.

गावाच्या नावाचंही सांगतो. जुन्या ग्रंथांत 'खानदेशातील तळोदे' असं येतं. आता आपण तळोदा लिहितो, बोलताना तळोदं. तेव्हा सगळा मिळून एकच खानदेश. पुढे १९०६मध्ये त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेश म्हणजे नंतरचा धुळे जिल्हा, आणि १ जुलै १९९८पासून आम्ही नंदुरबार जिल्ह्यात. त्यामुळे बाहेरचा माणूस तळोदे शोधायला धुळ्याच्या यादीत जातो, सापडलं नाही की त्याला छापण्यातली चूक वाटते. एका पत्रिकेत मी 'तळेगाव' छापलेलं पाहिलंय. दाभाड्यांच्या तळेगावशी गौतमाबाईंच्या माहेराचा काही संबंध नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं, सागाच्या लाकडाच्या बाजाराचं तळोदं ते हे.

मल्हाररावांच्या बाकीच्या बायकांबद्दल थोडक्यात, कारण तिथेही नावं एकमेकींत मिसळतात. बनाबाई, द्वारकाबाई आणि हरकूबाई. हरकूबाई ही खांडाराणी, म्हणजे लग्नाला वराच्या ऐवजी त्याची तलवार, खांडा, पाठवून लग्न लागलेली. गौतमाबाई या थोरल्या, पटराणी म्हणावं तशा. खंडेराव हा गौतमाबाईंचा मुलगा, जन्म १७२३. हे पक्कं धरून चाललं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

खंडेरावांचं लग्न १७३३ला झालं. मुलगी चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची अहिल्या, वय आठ वर्षं. चौंडी म्हणजे जामखेड तालुका, आताचा अहिल्यानगर जिल्हा. हे शिंदे वेगळे आणि ग्वाल्हेरचे महादजींचे शिंदे वेगळे, हेही त्या भाषणात एक करून टाकलं होतं. तर आठ वर्षांची सून घरात आली तेव्हा तिच्यासमोर जी सासू उभी होती ती ही. 'आईच्या मायेने वाढवले' हे भाषणातलं वाक्य त्या अर्थी खरंच आहे, फक्त मल्हाररावांच्या आईने नव्हे, बायकोने. अहिल्याबाई पुढे हिशेब ठेवायला, माणसं पारखायला, पत्रव्यवहार बघायला शिकल्या त्या याच घरात. मल्हारराव वर्षातले कितीतरी महिने मोहिमेवर असायचे. मग रोजच्या रोज समोर बसून कोण शिकवत असेल?

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं तिकडे येतो. खासगी.

१७३४च्या जानेवारीत बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे जहागीर करून दिली. तिला खासगी म्हणायचे. होळकरांचं जे राज्य, फौजेचा सरंजाम, तो दौलत. त्याचा जमाखर्च वेगळा, आणि त्यावर पेशव्यांचा हिशेब लागायचा. खासगी मात्र घरच्या बाईची. तिचं उत्पन्न तिचं, खर्च तिच्या मर्जीचा. त्यात माळव्यातलं महेश्वर, इंदूर आणि त्याखालची गावं, हरसोला, सांवेर, देपालपूर, हातोद, महिदपूर असे महाल, म्हणजे वसुलीचे विभाग, होते, आणि दख्खनेतले चांदवड आणि अंबड. चांदवड तर आमच्या धुळे-नाशिक रस्त्यावर, रंगमहालाचं. वर्षाचं उत्पन्न माळव्यातलं २,६३,००० आणि दख्खनेतलं ३६,०१०, मिळून २,९९,०१० रुपये.

त्या शेवटच्या दहा रुपयांवर माझी नजर अडकते. दोन लाख नव्व्याण्णव हजारांच्या पुढेही कुणीतरी ते दहा रुपये सोडले नाहीत. मला त्यात गौतमाबाईंचा वाडा दिसतो. फडणीस खाली बसलेले, पुढ्यात दप्तराचे रुमाल सोडलेले, आणि बाई विचारते, अंबडचा वसूल पुरता आला का. हे माझं मनातलं चित्र आहे, पण ते अगदीच हवेतलं नाही. ज्या बाईच्या नावावर महाल असतात तिला वसूल विचारावाच लागतो. मी साध्या शेतकरणींना तो विचारताना पाहिलंय, खरिपाच्या पैशाची वाट बघत ओट्यावर बसलेल्या.

लोक समजतात की खासगी ही अहिल्याबाईंची कल्पना. तसं नाही. अहिल्याबाईंना ती सासूकडून मिळाली. गौतमाबाईंनी ती १७३४पासून १७६१पर्यंत, २७ वर्षं सांभाळली. त्यांच्यानंतर अहिल्याबाईंनी ३४ वर्षं, १७९५ला स्वतः जाईपर्यंत. काशी, गया, सोमनाथ, कितीतरी घाट, विहिरी, धर्मशाळा, ही अहिल्याबाईंची कामं सगळ्या देशाला माहीत आहेत, आणि त्यातला दानधर्म राज्याच्या तिजोरीतून नव्हे तर खासगीतून झाला याचं कौतुकही सगळे करतात. ते योग्यच आहे. पण ज्या खात्यातून तो पैसा निघाला त्या खात्यावरचं पहिलं नाव तळोद्याच्या मुलीचं होतं, हे त्या कौतुकात कुणी उच्चारत नाही. सातबाऱ्यावर मूळ मालकाचं नाव कंस करून खाली नवीन नाव लिहितात. कंस केला म्हणजे खोडलं नव्हे. ते वाचता आलं पाहिजे, नाहीतर जमीन कुणाकडून कुणाला आली हेच कळत नाही.

गौतमाबाईंच्या नावाचं एक गावही आहे, गौतमपुरा. इंदूरजवळ, देपालपूरच्या बाजूला, म्हणजे त्यांच्याच खासगीतल्या महालाच्या आसपास. त्यांनीच ते वसवलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोटची लढाई होते. हिंगोटाच्या टणक फळात दारू भरून ती पेटवायची आणि एकमेकांवर सोडायची. गौतमपुऱ्याचा पक्ष तुर्रा, रुणजीचा पक्ष कलंगी. टीव्हीवर दरवर्षी ती जळती फळं दाखवतात. गावाचं नाव गौतम बुद्धांवरून पडलं असावं, असं माझ्या एका सोबत्याने मला ठामपणे सांगितलं होतं. मी म्हटलं, नाही रे, ही आपल्या तळोद्याची गौतमाबाई. त्याचा जन्म तळोद्याचा, वय सत्तर, तो माझ्याकडे बघतच राहिला.

पुढचं सगळं दुःखाचं आहे. मार्च १७५४मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात सुरजमल जाटाच्या किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. गौतमाबाईंचा एकुलता एक मुलगा, वय तीस-एकतीस. अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि मल्हाररावांनी विनवून त्यांना मागे फिरवलं, हा प्रसंग आपण नाटकात पाहतो, भाषणात ऐकतो. त्यात सासरा बोलतो, सून रडते. मुलगा गमावलेली आई त्या प्रसंगात कुठे उभी असते ते कुणी दाखवत नाही. भाषण लिहिणाऱ्याने निदान तिचं नाव घेतलं होतं, चुकीच्या नात्याने का असेना. तेवढ्यासाठी मी त्याला बरं म्हणेन.

मग १७६१. १४ जानेवारीला पानिपत. मल्हारराव तिथून परत आले, पण मराठी मुलखात घर उरलं नाही जिथे कुणी गेलं नव्हतं. त्याच वर्षी गौतमाबाई वारल्या. मल्हारराव त्यानंतर पाच वर्षांनी, २० मे १७६६ला आलमपूरला. नातू मालेराव १७६७ला. ही वर्षं मी पोरीला वहीत लिहून दिली, कारण तिच्या भाषणात मालेराव गेल्यावर गौतमाबाई अहिल्याबाईंना धीर देतात असा एक उतारा होता. गौतमाबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. नवरा, सासू, सासरा, मुलगा असं एकामागून एक सगळं गेल्यावर अहिल्याबाईंनी ते एकटीने उचललं, ही खरी गोष्ट आहे. खोटा धीर घुसडला की त्या एकटेपणाचं वजनच कमी होतं.

पोरीने विचारलं, "आप्पा, तुमले इतलं कसाले पडेल शे?" तुम्हाला एवढं का पडलंय. प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ दिलं.

आखाजीला आमच्या घरी घागर भरतात. नवी घागर, वर खरबूज, सांजोरी. त्याआधी उंबरठा धुवून त्यावर कुंकवाची बोटं ओढायची, एकेका पितराचं नाव घेत एकेक बोट. माझे वडील ओढायचे, आता मी ओढतो. पुरुषांची नावं सात पिढ्यांपर्यंत येतात. बायकांच्या वेळी वडील म्हणायचे, "ही आजीसाठी, ही पणजीसाठी." नाव नाही. माझ्या आजीचं माहेरचं नाव एका नदीचं होतं आणि लग्नात देवीचं ठेवलं. पणजीचं नाव मी कचेरीत नोकरीला लागल्यावर जुन्या कागदात शोधून काढलं, पणजोबांच्या नावाआधी 'कोम' होतं त्याच्याही आधी. ते सापडलं त्या वर्षी आखाजीला मी बोट ओढताना मोठ्याने उच्चारलं. वडील तेव्हा होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या बोटाला पुढच्या बाईचं नाव त्यांनी स्वतः घेतलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. फक्त घ्यायची पद्धत नव्हती.

पोर काही बोलली नाही. उठली, घरी गेली, रात्री परत आली. भाषण नव्याने लिहून आणलं होतं. मी दोनच ठिकाणी हात लावला. सुरुवात तिने अशी केली होती: 'आपल्या तळोद्याच्या भोजराज बारगळांची लेक, मल्हारराव होळकरांची पत्नी, खंडेरावांची आई आणि अहिल्याबाईंची सासू, खासगीच्या पहिल्या धनी गौतमाबाई.' मी 'पत्नी'च्या आधी 'मामेबहीण व' घातलं आणि '१७३४' घातलं. बाकी तिचंच.

मग फ्लेक्सचं निघालं. समाजमंदिराबाहेर लावायच्या फ्लेक्सवर मंडळाच्या पोरांनी या वर्षी मल्हारराव आणि अहिल्याबाईंबरोबर गौतमाबाईंचंही नाव टाकायचं ठरवलं, पोरीने त्यांचं डोकं खाल्लं म्हणून. काल दुपारी छापणाऱ्याचा फोन आला. त्याच्याकडे आलेल्या मजकुरात एके ठिकाणी मी होतं, एके ठिकाणी मा. कोणतं ठेवू?

मी म्हटलं, मा. म ला काना. दोन्ही ठिकाणी.